तीन नंबर मशीनची याद

जनूदादा कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी ती जशी आहे तशी वहीत लिहून घ्यायचे. यात मशीन आलं, पंखा आला, पाण्याची मोटर आली. एकदा आमच्या कारखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तर सेल काढण्याआधी त्यांनी जुना सेल कोणत्या तोंडानं बसवलाय त्याचं चित्र काढलं. मी हसलो.

"हसा," ते म्हणाले. "घरी जाऊन वहिनींना सांगा, आज एका येड्याला बघितलं. पन आदी हाय ते लिवायचं, मंग हात लावायचा."

जनार्दन पाटील हे त्यांचं पूर्ण नाव. गाव जूचंद्र. वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. पंपाला लागणारे दांडे आणि बुशी आम्ही कातून देतो. तिथं विजेचं आणि मशीनच्या देखभालीचं काम जनूदादांकडे होतं. माझं काम तयार झालेले भाग मोजण्याचं. मायक्रोमीटर लावायचा, आकडा कागदावर लिहायचा, मर्यादेत असेल तर माल पुढे, नसेल तर बाजूला. एकवीस वर्षं मी हेच करतो आहे. म्हणून जनूदादा मला नावानं हाक मारत नसत. "काय मापवाले," म्हणत.

त्यांचं काम समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्याकडे पाच मशीन आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात कॉम्प्युटर आहे. शून्य कुठून धरायचं, हत्यार किती पुढे गेलं की थांबवायचं, आतला स्क्रू किती झिजलाय आणि त्यासाठी किती भर घालायची, असे हजारभर आकडे त्यात असतात. रात्री वीज बंद केली तरी हे आकडे टिकावेत म्हणून आत एक लहान बॅटरी असते. बॅटरी संपली की आकडे गेले, आणि आकडे गेले की साडेचार टनांचं मशीन म्हणजे नुसतं लोखंड. बाकीचे याला सेटिंग म्हणतात. जनूदादा याद म्हणायचे. "तीनची याद चांगली हाय, पाचची जरा कच्ची," असं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत.

या बॅटरीवरून एकदा गंमत झाली. एका मशीनच्या पडद्यावर बॅटरी कमी झाल्याची सूचना आली आणि ती बदलायला बाहेरून एक इंजिनिअर आला. नीटनेटका, हातात मोजे. आल्या आल्या त्यानं मेन स्विच बंद करायला हात वर केला. बरोबरच होतं ते. विजेच्या पेटीत हात घालण्याआधी मेन बंद करायचा हे शाळेत शिकवतात. जनूदादांनी त्याचं मनगट धरलं.

"काका, शॉक लागेल."

"तुला लागला तर मी हाय. हिची याद गेली तर कोन हाय? बॅटरी काढताना मेन चालू ठेवायचा. मेन बी बंद, बॅटरी बी बाहेर, मंग ती आकडे कशावर धरून ठेवील? माणसाला निजवून ऑपरेशन करतात, हिचं जागी ठेवून करायचं."

इंजिनिअरनं पुस्तक उघडून पाहिलं. पुस्तकात तेच लिहिलं होतं. जनूदादांनी त्याला आपल्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी खायला घातली आणि निघताना बजावलं, "दुसरीकडं जाशील तिथं मेनला हात लावू नको, आठवन ठेव."

यादेची नक्कल घ्यायची त्यांची पद्धत कुठल्याच पुस्तकात नव्हती. आमच्याकडे दर अमावस्येला प्रत्येक मशीनवरचं लिंबू-मिरची बदलतात. शेठ गुजराती आहेत, पण ही प्रथा कारखान्यात सगळ्यांची झाली आहे. ती कधी चुकत नाही. शेठ विसरले तर कामगार आठवण करतात, कामगार विसरले तर कोपऱ्यावरचा लिंबूवाला स्वतः येऊन उभा राहतो. जनूदादांनी हे हेरलं. महिन्यातून एकदा मशीनच्या सेटिंगची नक्कल मेमरी कार्डवर घ्यायची असते, आणि तारखेवर ठेवलेलं काम लोक विसरतात. म्हणून त्यांनी नक्कल लिंबाला जोडली. लिंबू बदललं की कॉपी बदलायची. मशीनवर नवं लिंबू लागलं की ते कार्ड घालायचे, जुनी कॉपी पुसायचे, नवी घ्यायचे. दोन कार्डं करायचे. एक स्टोअरच्या सगळ्यात वरच्या फळीवर, कारण पावसाळ्यात वसाहतीत कमरेएवढं पाणी येतं. दुसरं जूचंद्रला स्वतःच्या घरी माळ्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळात पुरून. दमट हवा लागू नये म्हणून तांदूळ.

ते एकदा आमच्या बोळिंजच्या घरी आले होते. घरचा कॉम्प्युटर नीट चालत नव्हता. मी अभिमानानं सांगितलं की माझ्या सगळ्या कागदांची नक्कल मी ठेवली आहे.

"कुठं?"

"याच्यातच. दुसऱ्या भागात."

त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. "वहिनी, तुमच्या फ्लॅटची दुसरी चावी कुठं असते?"

"समोरच्या आजींकडे."

"घरात का नाय ठेवत? कपाटात, नीट?"

बायको हसायला लागली. मी त्या आठवड्यात वेगळी डिस्क घेतली आणि ती बहिणीकडे नेऊन ठेवली. त्या दिवशी मात्र बायकोचं हसू थांबायच्या आत जनूदादा टेबलाखाली शिरून कोणती वायर कुठे आहे त्याचं चित्र काढत होते.

असे ते पंचवीस वर्षं आमच्याकडे होते. त्यांच्या हातून कधी चूक झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. झाली ती निवृत्तीला दहा महिने असताना झाली, आणि ती त्यांच्या त्या लिंबाच्या पद्धतीतूनच झाली.

तीन नंबर मशीन तिवारी चालवायचा. जौनपूरकडचा, चाळिशीचा, बायको-मुलांसह नालासोपाऱ्यात राहणारा. त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी वीज तीन-चार वेळा गेली आणि आली. दुपारी मी तीन नंबरचे दांडे मोजले तर ते तीन शतांश मिलिमीटर मोठे निघाले. मी कागदावर शेरा लिहिला, 'टूल झिजले'. तिवारीला तेवढी भरपाई पडद्यावर घालायला सांगितली. त्यानं घातली, माप आलं. बुधवारी पुन्हा जरासं हललं, पुन्हा घातली. हत्यार झिजलं की असंच होतं. पण हत्यार झिजलं नव्हतं. विजेच्या त्या झटक्यांत मशीनची यादच काही ठिकाणी बिघडली होती.

गुरुवारी अमावस्या होती. तीन नंबरवर नवं लिंबू लागलं. जनूदादांनी दोन्ही कार्डांवरची जुनी कॉपी पुसली आणि नवी घेतली.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी तिवारीनं मशीन चालू केलं तेव्हा पडदा लाल सूचनांनी भरून आला. आकडे सगळे गेले होते. जनूदादा घाबरले नाहीत. त्यांनी पडद्यावरच्या सगळ्या सूचना वहीत उतरवल्या, मग स्टोअरमधून कार्ड आणून कॉपी परत चढवली. वीस मिनिटांत पडदा स्वच्छ झाला. तिवारी लगेच दांडा लावायला पुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला हातानं मागे सारलं.

परत उभ्या केलेल्या मशीनला ते आधी रिकामं चालवत. सगळ्यांना लांब उभं करायचं, वेग सगळ्यात कमी ठेवायचा, आपला अंगठा थांबवायच्या लाल बटणावर, आणि हत्यारं बसवलेली चकती मुद्दाम तिच्या हद्दीपर्यंत न्यायची. हद्दीवर आपोआप थांबली तर मशीन शुद्धीवर आलं असं समजायचं. त्या दिवशी चकती हद्दीपर्यंत गेली आणि थांबली नाही. पुढे जात राहिली. जनूदादांनी बटण दाबलं तेव्हा चकती आणि समोरच्या, दांडा धरणाऱ्या पकडीत दोन बोटांचं अंतर होतं. आदळली असती तर मशीन मोडलं असतं, आणि नेहमीच्या वेगात तिवारी समोर उभा असता तर त्याच्याही जिवावर बेतलं असतं.

"कॉपीच बिघडलेली हाय," जनूदादा म्हणाले. दुपारी ते स्कूटरवर घरी जाऊन माळ्यावरचं कार्ड घेऊन आले. त्यातही तेच. दोन्ही कार्डं एकाच दिवशी घेतलेली होती.

शेठ मुंबईला होते, ते चार वाजता आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मशीनवर कोण होतं. मग पडद्यावरची नोंद काढायला लावली. तिवारीनं दहा दिवसांत सहा वेळा आकडे बदलल्याचं तिथं दिसत होतं.

"हा आकडे बदलतोय आणि कोणाला माहीत नाही?" शेठ म्हणाले. "तिवारी, कल से मत आना."

"शेठ, जो बोला गया वही डाला," एवढंच तिवारी म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

जनूदादा तोपर्यंत माझ्या टेबलाशी आले होते. "मापवाले, मागच्या आठवड्याचे कागद काढा."

मी काढले. सोमवारी सगळी मापं मर्यादेच्या बरोबर मध्यावर. मंगळवारी दुपारी एकदम तीन शतांश मोठी. त्यांनी मंगळवारवर बोट ठेवलं, मग माझा शेरा वाचला, 'टूल झिजले'. कागद घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग गेलो.

"शेठ, तिवारीनं कायपन केलं नाय. याद मंगळवारीच बिघडली होती. ह्यो कागद बघा. गुरुवारी मी बिघडलेल्या यादेची कॉपी घेतली आनि चांगली होती ती पुसली. माझ्या हातानं पुसली, दोन्ही ठिकानी."

"तू न तपासता पुसली?"

"हो."

"पंचवीस वर्षं तू हेच करत होता?"

"हो. पंचवीस वर्षं जुनी पुसूनच नवी घेत होतो. आजवर निभावलं."

शेठनी कागद खाली ठेवला. "जनार्दन, बोलण्याआधी विचार कर. तुझी निवृत्ती जवळ आली आहे. दोष तुझ्यावर आला तर ही कामं मी तुझ्याकडे ठेवू शकणार नाही."

"आला तर म्हंजे काय, शेठ? तो हायच. तिवारीला घरी नका बसवू."

आकडे बदलायला मी सांगितलं होतं, हे मीही बोललो. पण जनूदादांच्या नंतर बोललो. या दोन बोलण्यांत फार तर दोन मिनिटं गेली असतील. मापं घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती दोन मिनिटं केवढी होती हे कळतं.

तिवारी राहिला. मशीन उभं करायला मात्र आता वहीशिवाय काही नव्हतं. तीन नंबर बसवलं त्या दिवसापासूनचे आकडे जनूदादांनी हातानं लिहून ठेवले होते आणि नंतर बदललेला प्रत्येक आकडा तारखेसह त्याखाली होता. शनिवार-रविवार आम्ही तिघं बसलो. मी वाचायचं, तिवारीनं पडद्यावर घालायचं, जनूदादांनी मागे उभं राहून तो आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. चार आकडे वहीत जुने निघाले, कारण मागच्या वर्षी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं ते बदलले तेव्हा जनूदादा रजेवर होते. ते मी मशीनवर मापक लावून नव्यानं काढले. रविवारी संध्याकाळी चकती तिच्या हद्दीवर जाऊन थांबली. जनूदादांनी तिला पुन्हा नेलं. असं अकरा वेळा केलं.

सोमवारी शेठनी मशीनच्या पेट्यांच्या चाव्या त्यांच्याकडून मागून घेतल्या. देखभालीचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. जनूदादांकडे ट्यूबलाइट, पंखे आणि पाण्याची मोटर उरली. ती कामंही ते तशीच वहीत लिहून करायचे. कोणी हळहळ दाखवली तर म्हणायचे, "चावी गेली, कान तर हायत ना. तीनचा आवाज बरा येतोय." पण जेवायच्या सुट्टीत ते आमच्यात बसेनासे झाले. एका जाड नव्या वहीत काहीतरी लिहीत बसत. मी एकदा डोकावलो. एकेका ओळीत एकेक पायरी लिहिलेली होती. कार्ड कुठून आणायचं, कोणतं बटण कधी दाबायचं, काय दिसलं तर थांबायचं. सुरुवातीलाच ठळक लिहिलं होतं की नवी कॉपी घेतली तरी मागच्या तीन ठेवायच्या, आणि कॉपी घेण्याआधी मापाचा कागद बघायचा. भाषा मराठी होती, पण मध्ये मध्ये हिंदी. तिवारीला वाचता यावं म्हणून.

नवरात्राच्या आधी ते शेठकडे गेले. मी तेव्हा सही घ्यायला केबिनमध्ये होतो.

"शेठ, चाव्या नकोत. एक मागनं हाय. तीन नंबरची याद एकदा पुसायची आनि कॉपीवरून परत उभी करायची. दसऱ्याला मशीन बंदच असतात, पूजेच्या आदी उरकू. मी हात लावनार नाय. तिवारी करील."

शेठनी चष्मा काढला. "चालू मशीन मुद्दाम पुसायचं? आणि तेही दसऱ्याला? जनार्दन, अपशकुन असतो."

"शेठ, घट बसायच्या आदी आपन देव्हाऱ्यातले देव खाली काढतो. चिंचेनं घासतो, परत जागेवर मांडतो. त्याला कोन अपशकुन म्हनत नाय." मग ते म्हणाले, "कॉपी हाय असं पंचवीस वर्षं मी तुमाला सांगितलं. तुमी माझ्यावर भरोसा ठेवला. मी गेल्यावर कोनावर ठेवाल? एकदा बघा तरी, माझ्याबगर ती उठते का."

"नाही उठली तर?"

"मंग मी हाय तोवर कळलेलं बरं."

शेठनी माझ्या कागदावर सही केली. मग म्हणाले, "पूजा अकराला आहे. त्याच्या आत."

दसऱ्याला सकाळी आठ वाजता आम्ही जमलो. झेंडूच्या माळा पाट्यांत पडल्या होत्या. त्या दिवसापुरती पेटीची चावी तिवारीच्या हातात होती. जनूदादांनी आधी माझ्याकडून आदल्या दिवसाची मापं तपासून घेतली, कार्डांवर मागच्या तीन कॉप्या आहेत ना हे विचारलं, नवी वही तिवारीच्या हातात दिली आणि शटरबाहेर निघून गेले.

"दादा, खड़े तो रहो," तिवारी म्हणाला.

"मी उभा राहिलो तर तू वहीत नाय बघनार, माझ्याकडं बघशील."

तिवारीनं याद पुसली. पडदा लाल झाला तेव्हा शेठनी डोळे मिटून घेतले. मग तिवारी ओळीवर बोट ठेवून वाचत गेला आणि करत गेला. एका ठिकाणी तो अडला. वही खाली-वर केली, माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. शटरकडे पाहिलं. बाहेरून काही आवाज नाही. त्यानं मागची ओळ पुन्हा वाचली, पडदा पुन्हा वाचला, आणि पुढे गेला. शेवटी आम्हाला लांब उभं करून, अंगठा लाल बटणावर ठेवून त्यानं चकती हळूहळू पुढे नेली. ती हद्दीवर थांबली. पहिला दांडा कातला, मी मोजला. माप मध्यावर होतं. शेठनी माझ्या हातातून दांडा घेतला आणि स्वतः मायक्रोमीटर लावून पाहिला. त्यांना तो वाचता येत नाही, तरी पाहिला.

मी बाहेर आलो. जनूदादा वॉचमनच्या बाकावर शटरकडे पाठ करून बसले होते.

"उठली," मी म्हणालो.

"चकतीचा आवाज आला. माप?"

"मध्यावर."

"किती वेळ?"

"बावन्न मिनिटं."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं आता आत येतील. आत माळा बांधायला सुरुवात झाली होती, शेठनी तिवारीला नारळ फोडायला सांगितल्याचं ऐकू येत होतं, आणि जनूदादांना बोलवा असंही कोणीतरी म्हणालं.

"तो कुठं अडला?" त्यांनी विचारलं.

"एकोणिसाव्या ओळीला. पडद्यावर दोन प्रश्न येतात, वहीत एकच लिहिलाय."

"वही आना."

मी आत जाऊन वही आणली. त्यांनी वॉचमनकडून पेन मागून घेतलं, मांडीवर वही उघडली आणि एकोणिसावी ओळ शोधली. आत आरती सुरू झाली. मी म्हणालो, "दादा, चला, नंतर लिहा." त्यांनी वर न बघताच हात हलवला, तुम्ही व्हा पुढे म्हणून. शटरमधून मी वळून पाहिलं तेव्हा ते दुसरा प्रश्न एकेक अक्षर सुटं काढून लिहीत होते.